जन्माला पुरेल अशी एक रायफल

भारतात शिकारीला १९७२ पासून बंदी आहे. मग शिकारी रायफल कशी निवडावी यावर मराठीत पुस्तक कशाला, असं कुणी विचारलं तर त्याचं काही चुकत नाही. हस्तलिखित हातात पडलं तेव्हा माझ्याही मनात आधी हेच आलं. लेखक बरीच वर्षं कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात राहतात. तिथे शिकार हा परवाना काढून, ठरलेल्या हंगामात, ठरलेल्या संख्येत करायचा रीतसर व्यवहार आहे. पानगळ सुरू झाली की शाळामास्तरापासून ट्रक ड्रायव्हरपर्यंत अनेक जण हरणाच्या मागे निघतात आणि हिवाळ्याचं मटण फ्रीझरमध्ये भरून ठेवतात. अशा ठिकाणी ‘जन्मभर एकच रायफल ठेवायची तर कोणती?’ हा प्रश्न आपल्याकडच्या ‘फ्लॅट कुठे घ्यायचा?’ इतकाच घरगुती असतो. त्यावर सल्ले सगळे देतात, एकमत कुणाचं होत नाही.

हे पुस्तक त्या प्रश्नाचं आहे. वाचताना मात्र लक्षात येतं की प्रश्न तिकडचा असला तरी त्यातला बराच ऐवज आपल्याकडून गेलेला आहे. एका रायफलीशी नाव जोडलं गेलेल्या शिकाऱ्यांत पहिलं नाव येतं ते कुमाऊँच्या जिम कॉर्बेटचं. आणि कायद्याच्या धाकानं साध्या माणसाला एकाच बोअरवर, म्हणजे नळीच्या एकाच मापावर, आणून ठेवलं गेलं तेही हिंदुस्थानातच. दोन्हींकडे येतो; आधी प्रश्न नीट मांडून घेऊ.

अल्बर्टाच्या दक्षिणेला उघडं माळरान आहे. तिथे प्राँगहॉर्न नावाचं कुरंग चरतं, वजन पन्नासेक किलो, आणि ते माणसाला सहसा दोनशे मीटरच्या आत येऊ देत नाही. उत्तरेला दलदल आणि दाट झाडी. तिथला मूस साडेचारशे किलोंच्या घरात जातो आणि दिसतो तो झाडांच्या फटीतून, कधी तीस-चाळीस पावलांवर. दोन्हींच्या मधे पांढऱ्या शेपटीचं हरीण, म्यूल डियर आणि एल्क. डोंगरात गेलात तर खांद्यावरचं ओझं दर चढणीला मोजलं जातं. एकीकडे लांबची, सपाट जाणारी हलकी गोळी हवी, दुसरीकडे जवळची, खोल घुसणारी जड गोळी हवी, आणि बंदूक उचलताना ती हलकीच हवी. पण फार हलकी रायफल उडवताना जोरात लाथ मारते. या ओढाताणीत सगळ्यांना पुरेल असं एक हत्यार शोधायचं आहे.

बंदुकीच्या कारखानदारांना हा प्रश्न आवडत नाही, हे सांगायला नको. ज्याच्याकडे एक रायफल आहे आणि जो तिच्यावर समाधानी आहे त्याला विकायचं काय? म्हणून दर काही वर्षांनी नवं काडतूस निघतं आणि आधीचं कसं अपुरं होतं हे पटवून दिलं जातं. २००७ मध्ये ६.५ क्रीडमूर आलं आणि त्याचा मोठा गाजावाजा झाला. काडतूस चांगलंच आहे. पण १८९४ सालच्या स्वीडिश ६.५×५५ नं उत्तर युरोपात मूस मारून शंभराहून अधिक वर्षं झाली आहेत, आणि नेहमीच्या शिकारीच्या पल्ल्यात मूसला या दोघांतला फरक कळत असेल असं वाटत नाही.

आता कॉर्बेट. १९०७ साली त्यानं चंपावतची नरभक्षक वाघीण मारली. तिच्या नावावर ४३६ बळी होते. ती मारताना त्याच्या हातात जुनी .५०० बोअरची दुनळी होती, आणि गोळ्या संपल्यावर तिला संपवली ती तहसीलदाराकडून मागून घेतलेल्या छऱ्याच्या बंदुकीनं. संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्यूएट यांनी या कामगिरीबद्दल त्याला लंडनच्या जॉन रिग्बी कंपनीची .२७५ बोअरची रायफल भेट दिली. दस्त्यावर तसा मजकूर कोरलेली चांदीची पट्टी होती. .२७५ हे इंग्रजी नाव. काडतूस मुळात जर्मन, माउझरचं ७×५७, १८९०च्या दशकातलं. रायफलही माउझरच्याच बोल्टवर बांधलेली. हलकी, बांधेसूद, धक्का बेताचा.

या रायफलीचा सगळ्यांत गाजलेला बार चौगडच्या नरभक्षक वाघिणीवरचा. कॉर्बेट एका ओढ्याच्या पात्रातून उतरत होता. वाटेत रातव्याची दोन अंडी सापडली. त्याला अंड्यांचा छंद होता, म्हणून त्यानं ती डाव्या हातात अलगद धरली. उजव्या हातात रायफल, छातीवर आडवी. पुढे एक मोठा दगडी कातळ ओलांडून त्यानं उजव्या खांद्यावरून मागे पाहिलं तर वाघीण थेट समोर, आठेक फुटांवर बसलेली. झटका दिला असता तर तिनं झेप घेतली असती. म्हणून त्यानं एका हातानं रायफल इंचाइंचानं फिरवत नेली, हात थकून थरथरेपर्यंत, आणि नळी तिच्यावर आल्याबरोबर चाप ओढला. एकाच गोळीत काम झालं. अंडी शाबूत राहिली. ती त्यानं परत जागेवर ठेवली. कॉर्बेटनं स्वतःच लिहून ठेवलंय की हातातली रायफल हलकी नसती तर हे जमलं नसतं. त्या दिवशी जड दुनळी असती तर ती एका हातानं वळवणं कुणालाही अवघडच.

हा प्रसंग सांगून झाला की एका रायफलीचे भक्त टाळ्या पिटतात आणि इथेच गाडी रुळावरून घसरते. कॉर्बेट एका रायफलीवर जगला नाही. त्याच्याकडे .४५०/४०० ची जड दुनळी होती आणि जखमी वाघाच्या मागे गवतात शिरायचं असेल तेव्हा तो ती घेत असे. रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबळ्या १९२६ मध्ये रिग्बीनं पडला हे खरं. पण कॉर्बेटला दोन्ही हत्यारांच्या मर्यादा माहीत होत्या आणि कोणती कधी उचलायची याचा निर्णय तो घेत होता. लेखकानं ही दंतकथा तशीच पुढे ढकलली असती तर मी ही प्रस्तावना लिहिली नसती. त्यांनी ती नीट सोडवून सांगितली आहे.

त्या रायफलीचं पुढे काय झालं तेही ऐकण्यासारखं आहे. कॉर्बेटचं पहिलं गाजलेलं पुस्तक १९४४ साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या मुंबई शाखेनं प्रसिद्ध केलं. १९४७ मध्ये तो बहिणीसह केनियाला गेला आणि १९५५ मध्ये तिथेच वारला. रायफल गेली प्रकाशकांकडे. शब्दकोश छापणाऱ्या संस्थेच्या कपाटात वाघ मारलेली रायफल! शेवटी ती रिग्बी कंपनीकडेच परतली आणि २०१६ मध्ये कुमाऊँत आणून लोकांना दाखवली गेली. मालक गेला, रायफल अजून बार काढू शकते. जन्माला पुरणं म्हणतात ते एवढं. खरं तर दोन-तीन जन्मांना पुरून उरणं.

याच बोअरचा दुसरा वीर वॉल्टर बेल, आफ्रिकेतला हस्तिदंताचा शिकारी. त्यानं हजारावर हत्ती मारले आणि त्यातले बहुतेक ७ मिलिमीटरच्या हलक्या रायफलीनं. हत्तीचं कवटीसकट डोकं करवतीनं कापून मेंदू नेमका कुठे असतो याचा त्यानं अभ्यास केला होता. कठीण कवचाची लांबट गोळी सरळ आत जायची आणि हत्ती जागच्या जागी बसायचा. बेलच्या आकड्यांनी माझ्या पोटात गोळा येतो. हजार हत्ती दातांसाठी मारणं यात कौतुकाचं काही नाही. पण बंदुकीपुरतं बोलायचं तर त्यानं एक गोष्ट कायमची सिद्ध केली: गोळी कुठे लागते हे ती किती मोठी आहे यापेक्षा फार महत्त्वाचं. मात्र बेलचं उदाहरण देऊन हौशी माणसानं हलक्या रायफलीनं मोठ्या जनावरावर बार टाकू नये. बेलला जनावराची शरीररचना पाठ होती आणि मनासारखी संधी मिळेपर्यंत तो थांबू शकत होता. आठवड्याची रजा काढून आलेल्या माणसाला तेवढी सवड नसते.

अमेरिकेत या प्रश्नाला शंभराहून अधिक वर्षं एक ठरलेलं उत्तर आहे: .३०-०६ स्प्रिंगफील्ड. तीस म्हणजे इंचाच्या शंभरावर तीस भाग एवढी नळी, सहा म्हणजे १९०६ साल, जेव्हा अमेरिकी सैन्यानं ते काडतूस स्वीकारलं. १९०९ मध्ये थिओडोर रूझवेल्ट आफ्रिकेला गेला तेव्हा त्याच्या सामानात स्प्रिंगफील्ड होती, सिंह-गेंड्यांसाठीच्या जड रायफलींच्या शेजारी. हेमिंग्वेनं १९३३-३४ च्या आफ्रिका मोहिमेत स्प्रिंगफील्डच वापरली. दोन महायुद्धांतून परतलेल्या लाखो सैनिकांना हेच काडतूस हाताखालचं होतं. त्यामुळे ते प्रत्येक गावच्या दुकानात मिळू लागलं आणि अजून मिळतं.

आकडे पाहू. १५० ग्रेनची, म्हणजे पावणेदहा ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे २९०० फूट वेगानं सुटते. दुर्बीण २०० यार्डांवर जुळवली तर १०० यार्डांवर ती दीड-दोन इंच वर लागते आणि ३०० यार्डांवर सात-आठ इंच खाली. म्हणजे हरणाच्या छातीच्या मध्यावर नेम धरला तर पावणेतीनशे यार्डांपर्यंत काही हिशेब करावा लागत नाही. मूससाठी याच रायफलीत १८० ग्रेनची गोळी घालायची. वेग थोडा कमी, खोली जास्त. एकाच नळीतून हलकी-जड दोन्ही कामं निघतात, हे या काडतुसाचं खरं बळ.

त्याला आव्हान दिलं .२७० विंचेस्टरनं, १९२५ मध्ये. त्याचा पुरस्कर्ता जॅक ओ’कॉनर, ‘आउटडोअर लाइफ’ मासिकाचा बंदूक-संपादक. बाजू मांडण्यात तो पटाईत होता आणि त्याच्या लेखांनी .२७० घराघरांत नेलं. त्याच्यासमोर उभा ठाकला आयडाहोचा एल्मर कीथ, त्याला मोठ्या भोकाच्या आणि जड गोळीच्या बंदुकांशिवाय काही पटत नसे. दोघांचा वाद आयुष्यभर चालला आणि वाचकांची चंगळ झाली. आज मागे वळून पाहिलं तर दोघंही आपापल्या रानापुरते बरोबर होते. ओ’कॉनर ॲरिझोनाच्या उघड्या डोंगरात वाढला. कीथला आयडाहोच्या दाट झाडीत पाठमोऱ्या पळणाऱ्या एल्कवरही बार टाकता यावा असं वाटे. एल्क पाठमोरा पळत असेल तर बार टाकूच नये, असं मी म्हणेन, आणि इथेच वाद संपतो.

या पुस्तकातलं माझं आवडतं प्रकरण गोळीवरचं आहे. माणसं बोअरवर तासन्‌तास भांडतात आणि गोळी दुकानदार देईल ती घेतात. १९४६ साली जॉन नॉस्लर ब्रिटिश कोलंबियात मूसच्या मागे होता. रायफल .३०० मॅग्नम, पण जनावराच्या अंगावर चिखलाचा जाड थर वाळलेला, अंतर कमी, वेग जास्त. गोळ्या कातडीवरच फुटल्या, आत खोल गेल्या नाहीत. घरी परतून त्यानं तांब्याचं कवच असं घडवलं की मधोमध तांब्याचीच आडभिंत, पुढे शिसं, मागे शिसं. पुढचा भाग उमलतो, भिंतीमागचा भाग शाबूत राहून आत घुसत जातो. १९४८ पासून ती ‘पार्टिशन’ नावानं विकली जाते आहे. मोठ्या बोअरमध्ये जे मिळत नव्हतं ते मध्यम बोअरला चांगल्या गोळीनं मिळालं.

शिशाचा आणखी एक प्रश्न आता उभा आहे. फुटलेल्या गोळीचे बारीक कण जनावराच्या आतड्यांत राहतात आणि ती टाकून दिलेली आतडी गिधाडं खातात. कॅलिफोर्नियात काँडोर गिधाडांच्या मृत्यूमुळे २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळीवर पूर्ण बंदी आली. डेन्मार्कनं २०२४ मध्ये रायफलच्या शिशाच्या गोळ्या बंद केल्या. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक औषधानं आपल्याकडची गिधाडं कशी संपली हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. रायफल घेणाऱ्यासाठी अर्थ इतकाच: तांब्याच्या गोळ्या तुमची नळी एका ठिकाणी नीट मारते का, हे आजच तपासून घ्या. तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे त्याच वजनाची गोळी लांब होते आणि नळीतल्या आट्यांचा पीळ तिला पुरेसा पडेलच असं नाही.

यंत्राबद्दल फार लिहीत नाही, कारण लेखकानं ते सुरेख लिहिलं आहे. फक्त एक सांगतो. १८९८ चा माउझर बोल्ट हातात घ्या, काडतूस भरा आणि बोल्ट अगदी सावकाश पुढे ढकला. मॅगझिनमधून वर सरकतानाच काडतुसाच्या बुडाची कड एका लांब पोलादी नख्याखाली जाऊन बसते, आणि तिथपासून बाहेर फेकलं जाईपर्यंत ते नखं सोडत नाही. रायफल उलटी धरली तरी काडतूस पडत नाही. अर्ध्यावर घाबरून बोल्ट मागे ओढला तरी दुसरं काडतूस पहिल्यावर आदळत नाही. विंचेस्टरनं १९३६ मध्ये आपल्या मॉडेल ७० मध्ये हीच युक्ती घेतली. १९६४ मध्ये खर्च वाचवायला ती काढून टाकली, आणि ‘चौसष्टच्या आधीची’ रायफल जुन्या बाजारात महाग झाली ती आजतागायत. कंपनीला पुढे ते नखं परत आणावं लागलं. हरणाच्या शिकारीत हा फरक क्वचितच जाणवेल. अस्वल अंगावर येत असताना जाणवेल.

दस्ता लाकडाचा की प्लास्टिकचा, यावर लेखक प्लास्टिकच्या बाजूनं आहेत आणि मीही. अक्रोडाचा दस्ता डोळ्यांना सुखावतो, पण पावसाळी हवेत फुगतो आणि नळीला बाजूनं रेटू लागतो. गेल्या महिन्यात मध्यावर लागणारी गोळी आज बाजूला सरकते. लाकूडच हवं असेल तर नळी आणि दस्ता यांच्यामधून एक कागद टोकापासून चेंबरपर्यंत बिनअडथळा सरकवता आला पाहिजे. तो अडला तर सुताराकडे नव्हे, बंदूक-कारागिराकडे जा.

एका ठिकाणी माझं लेखकाशी पटत नाही. त्यांनी शेवटी कौल .३०८ विंचेस्टरला दिला आहे. काडतूस १९५२ चं, केस ५१ मिलिमीटरची, .३०-०६ ची ६३. त्यामुळे बोल्ट आखूड, रायफल थोडी हलकी. आणि नाटो सैन्यांनी जवळपास तेच काडतूस घेतल्यानं पुरवठा भरपूर. सगळं मान्य. पण साडेचारशे किलोंचा मूस तुमच्या यादीत असेल आणि तुम्ही एकच रायफल ठेवणार असाल, तर १८० आणि २०० ग्रेनच्या गोळ्या जरा जोमानं पाठवणारी .३०-०६ मला जास्त पटते. बोल्ट जरासा जास्त ओढल्यानं कुणाचा हात दुखत नाही. हरणापलीकडे जायचंच नसेल तर ७×५७ किंवा ६.५ घ्या आणि खांदा सुखी ठेवा. मॅग्नम घेऊ नका. .२६४ विंचेस्टर मॅग्नमसारख्या तापट काडतुसानं नळी हजार-दीड हजार गोळ्यांत थकते, साध्या .३०-०६ ची नळी त्याच्या काही पट टिकते. जन्मभर टिकवायची म्हणता ना?

आता आपल्याकडच्या कायद्याची गोष्ट. ब्रिटिश सरकारला सतत एक धास्ती होती की लष्करी शस्त्रागारातली काडतुसं चोरीला जाऊन नागरी बंदुकांत वापरली जातील. म्हणून १९०७ मध्ये .४५० बोअरच्या रायफली हिंदुस्थानात आणायला मनाई झाली. लंडनच्या बंदूकवाल्यांनी रातोरात .४७०, .४६५ असे शेजारचे बोअर काढले. आज आफ्रिकेत अभिजात मानली जाणारी ही काडतुसं त्या बंदीची अपत्यं आहेत. तसंच .३०३ चं. सैन्याचं काडतूस म्हणून ते सामान्य परवानाधारकाला मिळेना, तेव्हा ऑस्ट्रियाच्या जुन्या मॅनलिखर काडतुसावरून आलेलं .३१५ त्याच्या जागी आलं. स्वातंत्र्यानंतर इशापूरच्या रायफल कारखान्यानं ब्रिटिश सैन्याच्या ली-एनफील्ड रायफलीच्या बोल्टवर .३१५ स्पोर्टिंग रायफल काढली आणि गावच्या जमीनदारापासून बँकेच्या रखवालदारापर्यंत सगळ्यांच्या खांद्यावर तीच आली. काडतुसाच्या बुडावर ‘केएफ’ हा शिक्का, म्हणजे पुण्याजवळची खडकी. तिथला दारूगोळा कारखाना १८६९ पासून आहे.

.३१५ ची गोळी जड आणि सावकाश. दोनशे मीटरपलीकडे ती दगडासारखी खाली येते. पण ती आपल्याकडे मिळत राहिली, आणि जन्मभराची रायफल म्हणजे सगळ्यांत आधी जन्मभर मिळणारं काडतूस. हा धडा कॅनडाच्या उत्तरेतही तसाच शिकायला मिळतो. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या कॅनेडियन रेंजर्सना, ज्यांत इनुइट आणि इतर आदिवासी मोठ्या संख्येनं आहेत, जुनी ली-एनफील्ड .३०३ दिली गेली. उणे चाळीस अंशांत, ध्रुवीय अस्वलांच्या मुलखात ती जवळजवळ सत्तर वर्षं कामाला आली. ती बदलावी लागली ती यंत्र बिघडलं म्हणून नव्हे. सुटे भाग मिळेनासे झाले म्हणून. नवी रायफल आली तीही साधी बोल्टचीच, .३०८ मध्ये.

रायफल अंगाला बसते की नाही, हे दुकानात दोन मिनिटांत कळतं. डोळे मिटा, रायफल खांद्याला लावा, गाल दस्त्यावर टेका, मग डोळे उघडा. दुर्बिणीचं पूर्ण वर्तुळ समोर दिसलं पाहिजे. मान वर-खाली किंवा पुढे-मागे करावी लागली तर दस्ता तुमचा नाही, कितीही देखणा असला तरी. दुर्बीण डोळ्यापासून तीन-साडेतीन इंच लांब हवी, नाहीतर पहिल्याच बाराला भुवई फुटते. कोल्हापूरच्या मातीतून तेजस्विनी सावंतनं २०१० मध्ये पन्नास मीटर प्रोनचं जागतिक विजेतेपद आणलं, स्वप्नील कुसाळेनं २०२४ मध्ये पॅरिसहून ऑलिंपिक कांस्य आणलं. त्यांच्या .२२ रायफलींकडे नीट पाहा: गालाची पट्टी, खांद्याची पट्टी, मुठीची जागा, सगळं सरकवता येतं आणि एकेका मिलिमीटरनं जुळवलेलं असतं. शिकारी रायफलीत तेवढं स्वातंत्र्य नसतं, म्हणून घेतानाच जपून घ्यायची.

आणि घेतल्यावर चालवायची. नॉर्वेत मोठ्या जनावरांच्या शिकाऱ्याला दरवर्षी परीक्षा द्यावी लागते: आधी सरावाच्या तीस गोळ्या, मग शंभर मीटरवर पाच, पाचही ठरलेल्या वर्तुळात. एक चुकली तर पुन्हा यायचं. असा नियम कॅनडातही असावा असं लेखकाला वाटतं आणि मी त्यांच्या बाजूनं आहे. एकच रायफल बाळगणारा माणूस सहसा चांगला नेमबाज का असतो, याचं उत्तर यातच आहे. चाप किती दाबल्यावर सुटतो, बोल्ट कुठे अडखळतो, ओली झाल्यावर ती काय करते, हे त्याच्या बोटांना ठाऊक असतं. चार रायफली आलटून पालटून नेणाऱ्याला दर हंगामात पहिल्यापासून ओळख करून घ्यावी लागते, आणि त्याची किंमत एखादं जखमी जनावर मोजतं.

महाराष्ट्रात पिकांची नासाडी करणाऱ्या रानडुकरांसाठी आणि रोह्यांसाठी वनखात्याची परवानगी काढता येते, पण तो शेतकऱ्याचा प्रश्न आहे, हौसेचा नाही. या पुस्तकात तो नाही आणि नसावाही. ज्यांना कॅनडा, अमेरिका, दक्षिण आफ्रिका, न्यूझीलंड इथे राहून कायद्यानं शिकार करायची आहे अशा मराठी माणसांना हे पुस्तक थेट उपयोगी पडेल. इतरांनी ते कॉर्बेटच्या गोष्टींच्या पाठीमागचं यंत्र समजून घ्यायला वाचावं.

शेवटी एक विनंती त्यांना, ज्यांच्या घरी आजोबांच्या वेळची .३१५ किंवा एखादी जुनी इंग्रजी रायफल अजून आहे. परवाना वारसाच्या नावे झाला आहे का ते आधी पाहा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोनच हत्यारं ठेवता येतात. जादाचं पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं लागतं. जुन्या काडतुसांच्या कॅपमधले क्षार नळीत राहिले की ती गंजते, तेव्हा नळीत उजेड धरून आतून पाहा. पुष्कळ वर्षं न वापरलेली रायफल जाणकार कारागिराकडून चेंबर आणि बोल्ट तपासल्याशिवाय उडवू नका. आणि भरण्याआधी नळीवर कोरलेला बोअर आणि काडतुसाच्या बुडावरचा आकडा, दोन्ही चांगल्या उजेडात वाचून एकमेकांशी जुळवून घ्या.